रंधा मशीनची पाती बदलण्याचा वेळ कामाच्या हिशेबात धरावा

संपादक महोदय,

ठाण्याची वागळे इस्टेट, नवी मुंबईतील रबाळे, महापे, पावणे आणि तुर्भे हा औद्योगिक पट्टा, तसेच घोडबंदर रस्त्याच्या आजूबाजूचे गाळे या सर्व ठिकाणी फर्निचर आणि इंटिरिअरचे काम करणारी छोटी वर्कशॉप मोठ्या संख्येने आहेत. एक मिस्त्री, दोन-तीन कारागीर, एखादा नवशिका हेल्पर आणि भिंतीला लागून उभे असलेले एक रंधा मशीन, एवढ्यावर यातील बहुतेकांचा कारभार चालतो. अशा वर्कशॉपमधील यंत्रांची देखभाल-दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्याने ही मशीन मला रोज उघडून पाहावी लागतात. त्यांची पाती बदलण्याची आणि बसवण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्याविषयी वर्कशॉपमालक, ठेकेदार आणि कारागीर यांच्याशी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून सविस्तर बोलावे, म्हणून हे लिहीत आहे.

चालू मशीनची भीती सगळ्यांनाच असते. मिनिटाला 5000 फेरे घेणारा 100 मिलिमीटर व्यासाचा कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता रूळ, घेतला, तर त्यावरील पात्याची धार सेकंदाला सुमारे 26 मीटर वेगाने जात असते, आणि ब्लॉकमध्ये तीन पाती असतील तर एका सेकंदात ती लाकडावर 250 घाव घालतात. आवाज आणि उडणारा भुसा हाताला आपोआप लांब ठेवतात. मशीन बंद केले की मात्र ही भीती संपते, आणि नेमके त्याच वेळी कारागीर पात्यांवरचे संरक्षक गार्ड बाजूला काढतो, दोन्ही हात थेट धारेवर नेतो आणि पूर्ण जोर लावून बोल्ट सोडवू लागतो. मशीनच्या साऱ्या कामांत हात आणि धार यांच्यात काहीही आडवे नसते असे काम हे एकच आहे, आणि ते ‘मशीन तर बंदच आहे’ या समजुतीवर चालते. अनेकदा मशीन बंद नसते, फक्त थांबलेले असते.

आपल्याकडची एक सवय तर मला सर्वांत घातक वाटते. काम चालू असताना पात्यांची धार जाते, लाकडावर लहरी उमटू लागतात, पात्याच्या धारेचा कपचा उडाला असेल तर फळीवर लांबच लांब रेघ उठते, तरीही पाती बदलली जात नाहीत, कारण माल संध्याकाळी साइटवर पोहोचायचा असतो. मग दुपारी लाइट जाते. मशीन आपोआप थांबते, आणि कोणीतरी म्हणतो, ‘लाइट येईपर्यंत पाती बदलून घ्या.’ स्विच चालूच राहिलेला असतो. तो बंद करण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बटण न दाबताच मशीन थांबलेले असते. लाइट परत कधी येणार हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ती येते तेव्हा एखाद्याची बोटे कटर ब्लॉकवर असू शकतात.

तुर्भे परिसरातील एका वर्कशॉपमध्ये पावसाळ्याच्या दिवसांत असेच घडले. पहिल्या पात्याचे बोल्ट सैल करून झाले होते, पाना बोल्टच्या डोक्यावर तसाच अडकवून कारागीर दुसरा पाना आणायला कपाटाकडे वळला आणि तेवढ्यात लाइट आली. पाना छताच्या पत्र्याला भोक पाडून अडकला, सैल पाते ब्लॉकच्या खाचेतून निसटून टेबलाच्या कडेवर आपटले आणि त्याचे तुकडे झाले. कोणालाही इजा झाली नाही, याचे श्रेय केवळ त्याच्या त्या चार पावलांना होते. मी दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला गेलो तेव्हा टेबलाच्या बिडाच्या कडेचा जवळपास दोन बोटे रुंद भाग उडालेला होता. त्या वर्कशॉपच्या मालकाला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण हीच पद्धत मी इतर अनेक ठिकाणी पाहिली आहे.

यामागचे तांत्रिक कारण साधे आहे. चांगल्या स्टार्टरमध्ये, म्हणजे मोटर सुरू-बंद करणाऱ्या बटणांच्या पेटीत, नो-व्होल्ट कॉइल असते. पुरवठा खंडित झाला की ती सुटते, आणि लाइट परत आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. परंतु जुनी मशीन विकत घेताना किंवा स्टार्टर जळाल्यावर पैसे वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी साधा खटक्याचा किंवा फिरवायचा स्विच बसवलेला असतो, आणि सिंगल फेजवर चालणाऱ्या लहान मशीनवर तर तो सर्रास दिसतो. अशा स्विचला लाइट गेल्याचे काही कळत नाही. तो चालू स्थितीतच राहतो आणि पुरवठा येताच मोटर फिरू लागते. काही ठिकाणी स्टार्टर चांगला असतो, पण त्याची कॉइल सारखी सुटते म्हणून कोणीतरी आतमध्ये लाकडाची चिपटी ठोकून ती कायमची दाबून ठेवलेली असते. चिपटी ठोकणाऱ्याला आपण काय केले याची कल्पना नसते. आपले मशीन यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते हे कोणताही मालक पाच मिनिटांत तपासू शकतो. मशीन रिकामे चालवावे, कोणालाही जवळ उभे राहू न देता मेन स्विच बंद करावा, मशीन पूर्ण थांबू द्यावे आणि मेन पुन्हा चालू करावा. मशीन स्वतःहून फिरू लागले, तर योग्य स्टार्टर बसेपर्यंत त्यावर काम बंद ठेवावे.

मात्र चांगला स्टार्टर असला तरी पाती बदलताना केवळ लाल बटण दाबणे पुरेसे नाही, कारण हेल्परच्या कोपराने किंवा टेकवून ठेवलेल्या फळीने हिरवे बटण दाबले जाऊ शकते. मशीनसाठी स्वतंत्र मेन स्विच किंवा आयसोलेटर असावा, तो बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली पाती बदलणाऱ्याच्याच खिशात राहावी. कुलपाची सोय नसेल तर किटकॅट फ्यूज काढून त्याच माणसाने स्वतःजवळ ठेवावेत. थ्री-फेज असेल तर तिन्ही. त्यानंतर हिरवे बटण एकदा मुद्दाम दाबून पाहावे. आपण बंद केलेला स्विच याच मशीनचा आहे याची खात्री करून घ्यायलाच हवी, कारण भाड्याच्या गाळ्यांमधील बोर्डांवर कोणता स्विच कशाचा आहे हे लिहिलेले क्वचितच आढळते, आणि लिहिलेले असले तरी ते आधीच्या भाडेकरूच्या मशीनचे असते. शक्य असेल तिथे मोटरचा व्ही-बेल्टही पुलीवरून उतरवून ठेवावा. मग चुकून मोटर फिरली तरी ब्लॉक फिरत नाही.

बटण दाबल्यानंतर ब्लॉक लगेच थांबत नाही. जड ब्लॉक चांगल्या बेअरिंगवर बराच वेळ फिरत राहतो, आणि वेग मंदावला की आवाज जवळजवळ बंद होतो. आजूबाजूला दुसरे मशीन चालू असेल तर कानाला काहीच कळत नाही. तो लवकर थांबावा म्हणून त्यावर लाकडाचा तुकडा दाबून धरण्याची पद्धत मी पाहिली आहे, आणि ती पाहताना माझ्या अंगावर काटा येतो. तुकडा आत ओढला गेला की त्यामागचा हातही आत जातो. डोळ्यांना बोल्टची डोकी स्पष्ट आणि स्थिर दिसेपर्यंत थांबावे, एवढेच करायचे असते.

आता प्रत्यक्ष पाती काढण्याकडे वळतो. या कामाला जाड चामड्याचे हातमोजे हवेत, आणि काम संपवून मशीन सुरू करण्यापूर्वी ते काढून ठेवले पाहिजेत, कारण फिरत्या ब्लॉकजवळ हातमोजा असेल तर तो आधी अडकतो आणि हाताला आत घेऊन जातो. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत, हे नव्या मुलांना समजावून सांगावे लागते. बोथट पातेही हात कापण्याइतके धारदार असते. बोल्ट गंज आणि राळेमुळे घट्ट बसलेला असतो, तो अचानक सुटतो आणि पाना धरलेली मूठ जोराने पुढे जाते. ती कुठे जाणार हे आधीच ठरवून उभे राहायला हवे. ज्या पात्याचे बोल्ट सोडवायचे आहेत त्याच्या आणि शेजारच्या पात्याच्या धारेवर खाच पाडलेली लाकडी पट्टी किंवा उभी चिरलेली जाड रबरी नळी बसवावी, कटर ब्लॉक लाकडाच्या पाचरीने अडवून ठेवावा आणि पाना धारेपासून दूर जाईल अशा दिशेने ओढावा. तोंड झिजलेला उघडा पाना या कामाला वापरू नये. बोल्टच्या मापाचा रिंग पाना किंवा बॉक्स पानाच हवा, कारण पाना निसटण्याची बहुतेक उदाहरणे झिजलेल्या तोंडाचीच असतात.

पाते निघाल्यावर खाच आणि पाचरीसारखी दाबपट्टी, जिला सगळे गिब म्हणतात, या दोन्ही गोष्टी साफ करण्यात कंजुषी करू नये. सागवानाचा तेलकट भुसा आणि राळ यांचा थर खाचेच्या तळाशी इतका घट्ट बसतो की तो लोखंडाचाच भाग वाटतो. त्यावर पाते बसवले तर बोल्ट आवळल्यासारखे वाटतात, पण प्रत्यक्षात पाते लोखंडाऐवजी भुशाच्या थरावर दाबलेले असते. मशीन तापले, थरथरले की तो थर दबतो आणि पकड सैल होते. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला ब्रश आणि पितळी पट्टी याने हे काम नीट होते. कॉम्प्रेसरच्या हवेने खाच झटकण्याची सवय डोळ्यांना धोकादायक आहे.

पाते का सुटते आणि सुटले तर काय होते, याचा एक अंदाज येथे देतो. 12 इंच लांब, 30 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड अशा पोलादी पात्याचे वजन सुमारे 200 ग्रॅम भरते. वर सांगितलेल्या आकाराच्या ब्लॉकमध्ये 5000 फेऱ्यांच्या वेगाने फिरताना हेच पाते सुमारे दोनशे किलो भाराएवढ्या जोराने बाहेर फेकले जाण्याचा प्रयत्न करत असते. त्याला धरून ठेवतात ती गिब आणि चार-सहा बोल्ट. म्हणून बोल्ट मूळ मापाचे आणि मूळ दर्जाचेच असले पाहिजेत. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला साधा बोल्ट आट्यांना बसला तरी ताकदीला तो मूळ बोल्टच्या जवळपासही नसतो. डोके गोल झालेला किंवा आटे ताणलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. आवळताना पान्याला लांब पाइप लावून जोर करण्याचीही गरज नसते, कारण अति ताणलेला बोल्ट कमी आवळलेल्या बोल्टइतकाच अविश्वासू असतो.

पुन्हा पुन्हा धार लावून पाती अरुंद होतात, आणि येथे पैशांची बचत थेट जिवावर उठते. पाते एका मर्यादेपेक्षा अरुंद झाले की गिबच्या पकडीत त्याचा पुरेसा भाग राहत नाही. मग ते वर यावे म्हणून खाचेत त्याच्याखाली पत्र्याची पट्टी किंवा घडी घातलेला पुठ्ठा सरकवला जातो. वरून पाहताना पाते योग्य उंचीवर दिसते, पण त्याला धरणारी पकड अर्ध्यावर आलेली असते. पाते किती अरुंद होईपर्यंत वापरता येते ते यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. त्या मर्यादेला आलेली पाती भंगारातच गेली पाहिजेत. तसेच एका ब्लॉकमधील सर्व पाती एकाच वेळी बदलावीत आणि धार लावणाऱ्याकडूनही ती संच म्हणूनच एकत्र घासून घ्यावीत. एक पाते नवे आणि दोन जुनी असतील, तर वजनातील फरकामुळे ब्लॉक थरथरतो, बेअरिंग खराब होतात आणि थरथरीने बोल्ट सैल होतात. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर पाती एकेक करून तोलून पाहिली तरी हा फरक लगेच कळतो.

ठाण्यात सध्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासामुळे जुन्या सागवानाच्या तुळया, चौकटी आणि दारे बाजारात येतात, आणि ते लाकूड उत्तम असल्याने कारागीर ते आनंदाने घेतात. त्यात मोडलेले खिळे आणि स्क्रू लाकडाच्या आत दडलेले असतात. हातात धरायचा छोटा मेटल डिटेक्टर फिरवून मगच ते रंध्यावर घ्यावे. एका खिळ्याने तिन्ही पात्यांच्या धारेचा कपचा उडतो आणि क्वचित पात्याला बारीक तडाही जातो, जो साफ करून उजेडात नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. तडा गेलेले पाते धार लावून पुन्हा बसवणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

पाती बसवून त्यांची उंची जुळवणे हे या कामातले सर्वांत नाजूक अंग आहे. सर्वप्रथम पात्याचा उतार मागच्या बाजूला आणि धार फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे पाहावे. घाईत पाते उलटे बसवल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत. पाते कटर ब्लॉकच्या पृष्ठभागापासून साधारण 1 मिलिमीटर बाहेर असावे, मात्र यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. जास्त बाहेर काढलेले पाते जास्त कापते हा समज चुकीचा आहे. ते लाकूड अधिक हिसकावते आणि बोट लागल्यास अधिक खोल जाते. जुन्या मशीनमधील चौकोनी ब्लॉक याच कारणाने धोकादायक असतात, कारण त्यांच्या सपाट बाजू आणि टेबल यांच्यात बोट खोलवर जाईल एवढी पोकळी राहते. असे मशीन अजून कोणाकडे असेल तर त्यात गोल ब्लॉक बसवून घेण्यावर होणारा खर्च अवश्य करावा.

उंची जुळवण्यासाठी डायल गेज किंवा ब्लॉकवर टेकणारे सेटिंग गेज मिळते आणि ते प्रत्येक वर्कशॉपमध्ये असावे. ते नसले तरी डोळ्याच्या अंदाजाने आणि बोट फिरवून पाती जुळवू नयेत. जुने जाणते फिटर लाकडी पट्टीने हे काम अचूक करतात. चांगल्या वाळलेल्या सागवानाची, चारही बाजूंनी सरळ केलेली फूटभर लांबीची पट्टी घ्यावी आणि ती मागच्या टेबलावर, म्हणजे कापल्यानंतर लाकूड ज्यावर टेकते त्या टेबलावर, अशी ठेवावी की तिचे टोक ब्लॉकच्या वर येईल. टेबलाच्या कडेच्या रेषेत पट्टीवर पेन्सिलीने खूण करावी. मग ब्लॉकला हात न लावता पुली हाताने कापण्याच्या दिशेने सावकाश फिरवावी. पात्याची धार पट्टीला खालून हलकेच पकडते, थोडे अंतर आपल्याबरोबर नेते आणि सोडते. पुन्हा टेबलाच्या कडेशी खूण करून दोन खुणांमधील अंतर मोजावे. ते 3 मिलिमीटरच्या आसपास यावे, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक पात्याच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला तेवढेच यावे. एका टोकाला 3 आणि दुसऱ्या टोकाला 6 आले, तर पाते तिरके आहे. पहिल्या पात्याचे 3 आणि दुसऱ्याचे काहीच नाही, तर दुसरे पाते फक्त फिरते आहे आणि सगळे काम पहिले एकटे करते आहे. कान लावून ऐकले तर धार पट्टीला लागतानाचा खसखस आवाजही प्रत्येक ठिकाणी सारखा यायला हवा.

या जुळवणीवर पुढचे सगळे काम अवलंबून असते. मागचे टेबल पात्यांच्या सर्वोच्च बिंदूपेक्षा खाली असेल तर फळीचे शेवटचे टोक खड्ड्यासारखे खोल कापले जाते, आणि ते वर असेल तर फळी टेबलाच्या कडेला अडखळते. अडखळलेल्या फळीला कारागीर जोर लावून पुढे ढकलतो, आणि त्या क्षणी हात घसरला तर तो थेट ब्लॉकवर जातो. म्हणजे दुपारी घाईने केलेली जुळवणी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोणाच्या बोटांवर येऊ शकते.

बोल्ट आवळताना एका टोकाचा बोल्ट पूर्ण आवळून मग पुढच्याकडे जाऊ नये. सर्व बोल्ट आधी हलके, मग थोडे अधिक आणि शेवटी पूर्ण, असे दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. आवळताना पाते किंचित वर सरकते किंवा एका बाजूला चढते, म्हणून पूर्ण आवळल्यानंतर पट्टीची तपासणी पुन्हा करावी. एकाच माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत हे काम करावे आणि मध्येच फोन आला किंवा चहा आला म्हणून ते सोडू नये. सोडावेच लागले तर परत आल्यावर पहिल्या बोल्टपासून सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. नंतर सर्व पाने आणि पाचर मोजून बाजूला ठेवावेत, पुली हाताने दोन-तीन वेळा पूर्ण फिरवून पाते कुठेही टेबलाला घासत नाही हे पाहावे आणि गार्ड परत बसवावे. ‘नंतर लावू’ म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेले गार्ड तिथेच धूळ खात पडलेले मी नेहमी पाहतो. मशीन सुरू करताना सगळ्यांनी ब्लॉकच्या सरळ रेषेतून बाजूला उभे राहावे, काही मिनिटे ते रिकामे चालू द्यावे आणि मग पुन्हा बंद करून, कुलूप लावून बोल्ट शेवटचे एकदा तपासावेत. थ्री-फेज लाइनचे काही काम झाले असेल तर फेज उलटून मोटर विरुद्ध दिशेने फिरण्याची शक्यता असते. लाकूड लावण्यापूर्वी फिरण्याची दिशा पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

साइटवर वापरल्या जाणाऱ्या हातातल्या इलेक्ट्रिक रंध्याबाबत थोडक्यात सांगतो. त्याची 82 मिलिमीटरची कार्बाइड पाती दोन्ही बाजूंनी वापरता येतात आणि ती उलटवणे सोपे असते, म्हणूनच कारागीर ते मांडीवर ठेवून, प्लग बोर्डात तसाच राहू देऊन पाती उलटवतात. प्लग काढून तो स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवावा, बोर्डाचे बटण बंद करणे पुरेसे मानू नये.

हे सगळे व्यवस्थित करायला तीन पात्यांच्या मशीनवर सरावलेल्या माणसालाही सुमारे तासभर लागतो. माझ्या या पत्राचा मूळ मुद्दा हा तास आहे. कारागिरांना धोका कळत नाही असे मला वाटत नाही. त्यांच्यापैकी अनेक जण पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले आहेत आणि धारेचा स्वभाव माझ्यापेक्षा चांगला ओळखतात. पण या तासाचे पैसे कोणीच धरत नाही. ग्राहक ठेकेदाराला चौरस फुटाचा दर देतो, ठेकेदार मिस्त्रीला नगावर पैसे देतो आणि मिस्त्री हेल्परला रोजंदारी देतो. या साखळीत मशीन थांबवण्याचा वेळ ज्याच्या वाट्याला येतो त्याचे ते सरळ नुकसान असते. म्हणून बोथट पाती दोन दिवस जास्त ओढली जातात आणि शेवटी लाइट गेलेल्या फुकटच्या वेळात ती घाईने बदलली जातात. दर ठरवताना पात्यांचा दुसरा संच, धार लावण्याचा खर्च आणि बदलण्याचा वेळ हे तिन्ही स्वतंत्रपणे धरले, तर प्रत्येक कामावर पडणारा भार अगदी किरकोळ असतो. धार लावलेला दुसरा संच हाताशी तयार असेल तर पाती वेळेवर बदललीही जातात.

कायद्याचे संरक्षण येथे कमी पडते, हेही नमूद केले पाहिजे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 21 मध्ये यंत्रांच्या धोकादायक भागांना भक्कम आडोसा असण्याची आणि कलम 23 मध्ये धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला पुरेशा प्रशिक्षणाशिवाय काम न देण्याची तरतूद होती. परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणी कारखाना ठरण्याची मूळ मर्यादा 10 कामगारांची होती, आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये ती 20 करण्यात आली. चार माणसांचे वर्कशॉप दोन्ही मर्यादांच्या बाहेरच राहते. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेतील घट 30 टक्के आणि एका हाताची चार बोटे गमावल्यास 50 टक्के धरलेली होती. सुताराच्या बाबतीत हे आकडे मला अपुरे वाटतात, कारण अंगठ्याशिवाय त्याला पटाशीही धरता येत नाही. शिवाय करवतीने तुटलेले बोट पुन्हा जोडण्याचा प्रयत्न शल्यचिकित्सक करू शकतात, पण रंध्याच्या पात्यांखाली बोट गेले तर जोडण्याजोगे काही उरतच नाही असे पुष्कळदा होते.

यासाठी काही विनंत्या करतो. वागळे इस्टेटमधील ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आणि रबाळे येथील ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन यांनी आपल्या सभासदांपुरते मर्यादित न राहता परिसरातील छोट्या सुतारकाम वर्कशॉपसाठी पाती बदलण्याचे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक ठेवावे. ते हिंदीतूनही व्हावे, कारण या वर्कशॉपमधील अनेक कारागीर राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. आयटीआयमधील निदेशकांनी असे अर्ध्या दिवसाचे वर्ग सुटीच्या दिवशी घेतले, तर कारागिराचा रोज बुडणार नाही. मशीन विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी नो-व्होल्ट स्टार्टर, गार्ड आणि सेटिंग गेज या वस्तू ‘एक्स्ट्रा’ म्हणून न दाखवता मशीनच्या किमतीतच धराव्यात आणि पाती बदलण्याच्या सूचना मराठी-हिंदीत छापून द्याव्यात. जुने मशीन विकत घेणाऱ्यांनी वर सांगितलेली मेन स्विचची चाचणी सौदा ठरवण्यापूर्वी करावी. इंटिरिअरचे काम देणाऱ्या ग्राहकांनी आणि आर्किटेक्टनी आपल्या ठेकेदाराच्या वर्कशॉपला एकदा भेट द्यावी, रंधा मशीनवर गार्ड आहे की नाही ते पाहावे आणि नसल्यास ते बसवून घेण्याचा आग्रह काम देतानाच धरावा.

वर्कशॉपमालकांनी मात्र कोणाचीही वाट न पाहता एक गोष्ट याच आठवड्यात करावी. मेन स्विचसाठी एक कुलूप आणावे, त्याची एकच किल्ली ठेवावी, आणि लाइट असो वा गेलेली असो, या मशीनची पाती बदलायची असतील तर आधी मेन बंद करून हे कुलूप लावायचे, असा नियम मशीनशेजारच्या भिंतीवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा.

आपला,
यंत्र-देखभाल करणारा एक वाचक,
कळवा, जि. ठाणे